राज्याभिषेकोत्सव : अनुकरण आणि अनुकीर्तन

ऐतिहासिक कादंबरी आणि ऐतिहासिक नाटक ह्या दोन प्रकारांची चिकित्सा मराठी टीकेने पुष्कळ केली आहे. सत्य आणि कल्पित ह्यांचे प्रमाण कसे असावे, कालविपर्यास कोठवर क्षम्य मानावा, थोर पुरुषाच्या मुखी कवीने आपले विचार घालावेत की नाहीत, ह्या प्रश्नांचा खल पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परंतु इतिहास ज्या मार्गाने कादंबरीहून आणि नाटकाहूनही अधिक माणसांपर्यंत पोचतो, त्या स्मरणोत्सवाकडे वाङ्मयीन टीकेने त्या मानाने उपेक्षेनेच पाहिले. उत्सव हा श्रद्धेचा विषय, त्याची चिकित्सा कसली करावयाची, अशी एक समजूत ह्या उपेक्षेच्या मुळाशी असावी. वस्तुतः उत्सव हीही एक रचनाच असते. त्यात प्रसंगाची निवड असते, पात्रयोजना असते, क्रम असतो, काही दाखविलेले असते आणि काही वगळलेले असते. जेथे निवड आली आणि वगळणे आले, तेथे टीकेचा अधिकार आपोआपच प्राप्त होतो.

ह्या दृष्टीने महाराष्ट्रातील शिवराज्याभिषेकाचा उत्सव हे अभ्यासास अत्यंत योग्य असे उदाहरण होय. मूळ प्रसंगाची साधने उपलब्ध आहेत. उत्सवाला शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे. विधी, महानाट्य, मिरवणूक, व्याख्यान, देखावा अशी त्याची नाना रूपे झालेली आहेत. भूतकाळातील एखादी घटना समाजाने पुन्हा करून दाखवावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न ह्या उदाहरणाच्या आधारे बराच स्पष्ट होऊ शकेल.

१

प्रथम मूळ प्रसंगाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, ह्या तिथीस रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. ह्या प्रसंगाचे साक्षी एका जातीचे नाहीत. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन हा तहाच्या वाटाघाटींसाठी त्या वेळी गडावर होता व त्याने आपल्या रोजनिशीत पाहिलेले टिपून ठेवले. काशीहून आलेल्या गागाभट्टांची राज्याभिषेकप्रयोगाची पोथी आहे. तीत विधीचा क्रम मिळतो. पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत जिंजी येथे कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली. तीत बत्तीस मणांच्या सुवर्णसिंहासनाचे वर्णन येते. ह्या तीन साधनांचा डोळा भिन्न आहे. व्यापारी परकीयाला नजराणे, रत्ने आणि दरबारची चिन्हे दिसतात. शास्त्र्याला मंत्र आणि द्रव्ये दिसतात. निष्ठावंत सेवकाला मागे पाहताना वैभव दिसते. पूर्ण प्रसंग कोणा एकाच्याच हाती लागलेला नाही.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, १६७४ चा राज्याभिषेक हा स्वतःच एक प्रकारचा पुनरुद्धार होता. दख्खनेत स्वतंत्र हिंदू राजाला अशा वैदिक पद्धतीने अभिषेक झालेला कित्येक पिढ्यांत कोणी पाहिला नव्हता. हा विधी नित्याच्या आचारातून आलेला नव्हता. तो ग्रंथांतून शोधून काढावा लागला. गागाभट्टांसारखा मीमांसक पंडित त्यासाठी हवा होता, तो याच कारणाने. अभिषेकास अधिकार कोणास, भोसले कुळाचे क्षत्रियत्व कसे ठरवावयाचे, ज्या पुरुषाचे उपनयन यथाकाली झालेले नाही त्याचे काय, हे प्रश्न उपस्थित झाले. अभिषेकापूर्वी थोडेच दिवस वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षाच्या आसपास महाराजांची मुंज झाली आणि पूर्वीच्याच राण्यांशी समंत्रक विवाह पुन्हा लावण्यात आले. हे सर्व सोपस्कार म्हणून सोडून देण्याजोगे नाही. सत्ता हातात असलेल्या, किल्ले आणि आरमार असलेल्या पुरुषालाही आपल्या राज्याची धर्म्यता लोकांसमोर सिद्ध करावी लागली, हा ह्या प्रसंगाचा गाभा आहे. राज्याभिषेक हे एका प्रश्नाला दिलेले उत्तर होते. प्रश्न पुसून टाकला तर उत्तराचे बळ कळत नाही.

दरबाराच्या बाह्यरूपातही असाच संमिश्र अर्थ भरलेला होता. सिंहासनाच्या बाजूंस सोनेरी भाल्यांच्या टोकांवर लावलेली चिन्हे ऑक्झेंडनने पाहिली : एका बाजूस मोठ्या दातांची दोन सोन्याची मत्स्यमुखे, दुसऱ्या बाजूस घोड्यांची पुच्छे, आणि न्यायाचे चिन्ह म्हणून समतोल असा सोन्याचा तराजू. मत्स्य आणि अश्वपुच्छ ही चिन्हे मोगल दरबाराच्या परंपरेतील होत. एकीकडे वैदिक मंत्र, दुसरीकडे बादशाही परिभाषेतील राजचिन्हे, आणि त्याच सुमारास फारसी राज्यशब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश. नव्या राजाला आपले सार्वभौमत्व शास्त्री, सरदार, रयत आणि शेजारची पातशाही ह्या सर्वांना समजेल अशा अनेक भाषांत एकाच वेळी उच्चारावयाचे होते. ही बहुभाषिकता हेच त्या प्रसंगाचे राजकीय चातुर्य होय.

२

घटना पुन्हा करून दाखवावयाची म्हणजे तिचे अनुकरण करावयाचे, असा सर्वसाधारण समज असतो. वेष तसाच, शस्त्रे तशीच, स्थळ तेच, दिवसही तोच. जितके साम्य अधिक तितका प्रयोग चांगला. संस्कृत नाट्यविचारात ह्या समजाला फार पूर्वीच उत्तर दिले गेले आहे. नट रामाचे अनुकरण करतो असे शंकुकाने मांडले. भट्ट तौत आणि त्यांचे शिष्य अभिनवगुप्त ह्यांनी ते खोडून काढले. त्यांचा एक आक्षेप अगदी साधा पण निरुत्तर करणारा आहे. जो कोणीच पाहिलेला नाही त्याचे अनुकरण करावयाचे कसे? अनुकरणाला मूळ समोर असावे लागते. राम ना नटाने पाहिला, ना प्रेक्षकाने. म्हणून नाट्य हे अनुकरण नसून अनुकीर्तन होय, असा अभिनवगुप्तांचा पक्ष आहे. मागून, पुन्हा, आणि अर्थासह सांगणे; ज्याच्या योगाने प्रेक्षकाच्या चित्तात तो भाव नव्याने उभा राहील असे सांगणे, हा त्या शब्दाचा अभिप्राय.

ऐतिहासिक स्मरणोत्सवास ही भूमिका जशीच्या तशी लागू पडते, आणि थोडी अधिकच. पुराणकथेच्या बाबतीत प्रेक्षक साधने मागत नाही. इतिहासाच्या बाबतीत ती मागितली जातात. म्हणून उत्सवकर्ता साम्याच्या मोहात सापडतो. पगडीचा पीळ, तलवारीची मूठ, पालखीचा गोंडा ह्यांच्या अचूकपणाचा अभिमान वाटू लागतो आणि अचूकपणा म्हणजेच सत्य अशी गल्लत होते. ही गल्लत किती खोल जाऊ शकते, हे उत्सवाच्या दिवसाच्याच उदाहरणावरून दाखविता येते.

३

राज्याभिषेकाचा उत्सव दोन दिवशी होतो. एक पक्ष ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी धरतो, दुसरा ६ जून ही तारीख धरतो. २०२३ साली तिथीप्रमाणे २ जून रोजी राज्य शासनाच्या वतीने रायगडावर सोहळा झाला, आणि तारखेप्रमाणे ६ जून रोजी तेथेच पुन्हा सोहळा झाला. दोन्ही पक्षांस आपलाच दिवस खरा वाटतो. परंतु ६ जून ह्या तारखेचा उगम पाहिला तर एक मौज दिसून येते. इंग्रज त्या काळी जुनी, म्हणजे ज्यूलियन, कालगणना वापरीत. नवी ग्रेगोरियन गणना त्यांनी १७५२ साली स्वीकारली. १६७४ साली दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. म्हणजे जो दिवस ऑक्झेंडनच्या रोजनिशीत ६ जून होता, तो आज भिंतीवर असलेल्या दिनदर्शिकेच्या हिशेबाने १६ जून ठरतो. त्या वर्षीची त्रयोदशीही गणिताने तेथेच येते. तारखेचा पक्ष आधुनिक आणि काटेकोर म्हणून मिरवतो, तरी तो पाळतो ती तारीख एका गणनेतली आणि वर्ष मोजतो ते दुसऱ्या गणनेने. तिथीच्या पक्षाचा ऋतू आणि चंद्र जुळतात. परंतु सौर वर्षाशी त्यांचा दिवस दरसाल मागेपुढे सरकतो.

वर्षांच्या मोजणीतही असेच आहे. २०२३ साली ३५० वा राज्याभिषेकदिन म्हणून उत्सव झाला, आणि २०२४ साली ३५० वर्षे पूर्ण झाली म्हणून. राज्याभिषेक शकाचे पहिले वर्ष १६७४ च्या ज्येष्ठात सुरू झाले असल्याने ३५० वे वर्ष २०२३ मध्ये लागते. पूर्ण झालेली वर्षे मोजली तर ती २०२४ मध्ये भरतात. दोन्ही विधाने आपापल्या परीने बरोबर आहेत.

ह्या विवेचनाचा हेतू कोणाचा दिवस चुकीचा ठरविण्याचा नाही. दिवस हा संकेत आहे, आणि संकेत समाजाने ठरवावयाचा असतो, एवढेच ह्यातून निष्पन्न होते. संकेताला मूळ वस्तूचे स्थान दिले की वाद सुरू होतो आणि तो कधी मिटत नाही. कारण भूतकाळातील तो दिवस कोणत्याच दिनदर्शिकेत परत येत नाही. अनुकरणाच्या मार्गावरील ही पहिलीच अडचण होय, आणि ती अखेरचीही ठरावी.

४

उत्सवाचा पूर्वेतिहास पाहिला असता आरंभीच्या काळी त्याचे स्वरूप देखाव्याचे नव्हते असे दिसते. १८६९ साली जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा प्रसिद्ध करून त्यांची मूर्ती कुळवाड्यांच्या बाजूने उभी केली. १८९६ च्या एप्रिलात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर पहिला मोठा उत्सव झाला. पुढल्याच वर्षी, १८९७ च्या जूनमध्ये, पुण्यास राज्याभिषेकोत्सव साजरा झाला. त्यात व्याख्याने झाली, कवने म्हटली गेली, आणि अफझलखानाच्या वधाचे नैतिक समर्थन कसे करावयाचे ह्या प्रश्नावर विद्वानांची उघड चर्चा झाली. त्या उत्सवाचा वृत्तांत ‘केसरी’त आल्यावर रँडचा वध झाला, आणि त्याच मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

१८९७ च्या ह्या उत्सवात सिंहासन नव्हते, हत्ती नव्हते, पोशाखी दरबार नव्हता. तरीही त्याचा परिणाम एवढा झाला की परकीय सत्तेला तो असह्य वाटला. ह्याचे कारण त्या उत्सवाने घटनेचे रूप उभे केले नाही. तिच्यातला प्रश्न उभा केला. राज्य धर्म्य केव्हा ठरते, आणि अन्याय्य सत्तेविरुद्ध शस्त्र धरणाऱ्याचा न्याय कोणत्या तराजूत करावयाचा? १६७४ साली जो प्रश्न गडावरच्या शास्त्र्यांपुढे होता, त्याच जातीचा प्रश्न १८९७ साली पुण्याच्या श्रोत्यांपुढे ठेवला गेला. त्या चर्चेतील मते आज कोणास पटोत वा न पटोत. रचना म्हणून तो उत्सव अनुकीर्तनाचा उत्तम नमुना होता.

एकाच कालखंडात फुले आणि टिळक ह्यांनी एकाच पुरुषाचे दोन भिन्न अर्थ लावले, हीही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. स्मरण हे आरंभापासूनच वादग्रस्त होते. त्यातील एकमत हे पुढच्या काळातील उत्पादन होय.

५

स्वातंत्र्यानंतर उत्सवाचे रूप पालटले. १९७४ साली राज्याभिषेकास ३०० वर्षे झाली, तेव्हा मुंबईत शिवाजी पार्कवर बाबासाहेब पुरंदरे ह्यांनी शिवसृष्टी उभारली. आणि १९८५ साली त्यांचे ‘जाणता राजा’ हे महानाट्य रंगभूमीवर आले. दोनशेहून अधिक कलावंत, प्रत्यक्ष हत्ती आणि घोडे, अनेक मजल्यांचा भव्य रंगमंच, आणि शेवटी राज्याभिषेकाचा दरबार अशी त्याची योजना आहे. ह्या प्रयोगाचे श्रेय मोठे आहे. ज्यांच्या हाती इतिहासाचे एकही पुस्तक कधी आले नसते अशा सहस्रावधी प्रेक्षकांना त्याने एका कालखंडाची सलग गोष्ट दिली. गावोगावच्या हौशी तरुणांना त्यात उभे राहण्याची संधी मिळाली. शाहिरी, गोंधळ, कीर्तन ह्या लोकपरंपरांना त्याने विशाल मंच दिला.

तथापि रचनेच्या दृष्टीने पाहता ह्या प्रकारात एक मर्यादा अंगभूतच आहे. राज्याभिषेक हा येथे परमोच्च बिंदू म्हणून येतो, आणि परमोच्च बिंदूवर शंकेला जागा नसते. प्रेक्षकाला डोळे भरून पाहावयाचे असते; ललकारी, नगारे, दीप आणि पुष्पवृष्टी ह्यांत प्रश्न विरून जातो. दृश्य जितके मोठे, तितका प्रेक्षक लहान होतो. तो टाळ्या वाजवितो, जयजयकार करतो, आणि आपण काही पाहिले ह्या समाधानाने घरी जातो. आपण कशाचे साक्षी झालो, असे त्याला विचारले तर वैभवाचे, असेच उत्तर त्याच्याकडून येईल. सभासदाच्या बखरीतील वैभवाचा डोळा ह्या प्रकाराने घेतला. गागाभट्टांच्या पोथीतील खटाटोप आणि ऑक्झेंडनच्या रोजनिशीतील तराजू मागे राहिला.

६

रायगडावरील प्रत्यक्ष विधीची जात निराळी आहे. तेथे सिंहासनाच्या जागी कोणी नट बसत नाही. अभिषेक होतो तो महाराजांच्या उत्सवमूर्तीस. पालखी निघते ती मूर्तीची वा प्रतिमेची. ही योजना वरवर साधी वाटली तरी तिच्यात खोल विवेक आहे. नट सिंहासनावर बसला की प्रेक्षकाची नजर साम्यावर जाते : नाक तसे आहे काय, दाढी तशी आहे काय. मूर्ती साम्याचा दावा करीत नाही. ती उपस्थितीचा दावा करते आणि त्याच वेळी अनुपस्थितीची जाणीवही देते. राजा येथे नाही, म्हणून त्याची मूर्ती आहे.

स्थळही ह्या जाणिवेला साह्य करते. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यात गडावरील राजवाडा जळाला. आज उरली आहेत ती जोती, चौथरे, टाकी, मनोऱ्यांचे अवशेष आणि नगारखान्याचे भव्य द्वार. राजसदरेवर उभ्या असलेल्या माणसाला छप्पर दिसत नाही, आकाश दिसते. पडक्या जोत्यावर उभे राहून केलेले अभिषेकाचे स्मरण हे आपोआपच राज्याच्या उदयाबरोबर त्याच्या अस्ताचेही स्मरण होते. रंगमंचावरील दरबार कितीही भव्य असला तरी त्याला हा अर्थ देता येत नाही. कारण तो अखंड असतो.

परंतु ह्या विधीतही अनुकरणाचा मोह शिरत चालला आहे. अवशेषांवर मंडप, कमानी, ध्वनिक्षेपक आणि रोषणाई ह्यांचा भार वाढला की स्थळ आपले बोलणे थांबविते. सदरेवरचा हलका आवाजही नगारखान्यापर्यंत स्पष्ट पोचतो अशी ज्या वास्तूची ख्याती, तेथे यंत्राच्या गर्जनेची आवश्यकता कोणती, हा प्रश्न विचारावासा वाटतो. २०२५ साली मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून ज्या बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला, त्यांत रायगड आहे. जतन आणि जल्लोष ह्यांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न त्यामुळे अधिकच निकडीचा झाला आहे.

७

ह्या दोन प्रकारांहून वेगळा असा एक तिसरा प्रकार महाराष्ट्रात रूढ आहे, आणि त्याचा उल्लेख तुलनेसाठी केला पाहिजे. १६६० च्या आषाढात सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निसटले आणि घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे ह्यांनी शत्रूला थोपवून धरले. त्या वाटेने दरवर्षी पावसाळ्यात शेकडो तरुण चालत जातात. वाटेत म्हसाईचे पठार लागते, चिखल लागतो, ओढे लागतात. एका रात्रीत आणि एका दिवसात जे अंतर कापले गेले, त्यासाठी सामान्यतः दोन दिवस जातात. येथे पोशाख नसतो, संवाद नसतो, नट आणि प्रेक्षक असा भेद नसतो. चालणाऱ्याला आपल्या पायांच्या द्वारे कळते की आपण तसे करू शकलो नसतो. साम्य दाखविण्याऐवजी अंतर दाखविणारा हा प्रकार आहे, आणि आदर हा अंतराच्या जाणिवेतूनच उत्पन्न होतो.

काशीजवळच्या रामनगरची रामलीला ह्याच तत्त्वावर उभी आहे. एकतीस दिवस चालणाऱ्या त्या लीलेत प्रेक्षक एका जागी बसत नाही. अयोध्येहून चित्रकूटास, तेथून लंकेस लीलेबरोबर तोही चालत जातो. विजेचे दिवे आणि ध्वनिक्षेपक ह्यांच्यावाचून ती लीला होते, आणि ऐकू येत नाही तेथे लोक आपल्या हातातील पोथीत पाहतात. दाखविणारा आणि पाहणारा हा भेद तेथे जवळजवळ नाहीसा होतो.

दिवाळीत मुले अंगणात मातीचे किल्ले करतात, तोही ह्याच जातीचा उपक्रम होय. चित्रे कशीही ठेवलेली असोत, मावळे बुरुजाहून उंच असोत, बालेकिल्ल्यावर अळीव उगवलेले असो. तटबंदी कोठे घालावी, पाण्याचे टाके कोठे करावे, दरवाजा वळणाआड का ठेवावा हे त्या मुलाला हातांनी कळते. अचूकपणाच्या कसोटीवर तो किल्ला हास्यास्पद ठरेल. समजुतीच्या कसोटीवर तो पुष्कळ महानाट्यांहून सरस ठरेल.

८

आता अखेरचा आणि कठीण मुद्दा. उत्सव काय वगळतो, ह्यावरून त्याची खरी परीक्षा होते. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, ज्येष्ठ वद्य नवमीस, पाचाड येथे जिजाबाईंचे निधन झाले. त्याच वर्षी आश्विन शुद्ध पंचमीस निश्चलपुरी गोसाव्यांच्या हस्ते तांत्रिक पद्धतीने दुसरा राज्याभिषेक झाला. पहिल्या विधीत त्रुटी राहिल्या असे म्हणणारा एक पक्ष होता, आणि महाराजांनी त्याचेही समाधान केले, असा ह्याचा अर्थ. कुळाच्या अधिकाराविषयीच्या वादाची वार्ता त्या काळच्या डच पत्रव्यवहारातही पोचलेली दिसते. ह्या गोष्टी अभ्यासकांना परिचित आहेत. बहुतेक उत्सवांना त्या अडचणीच्या वाटतात. अभिषेक एकच दाखविला जातो, तो निर्विवाद दाखविला जातो, आणि तेथेच पडदा पडतो.

ह्या वगळण्याने महाराजांचा गौरव वाढतो असे उत्सवकर्त्यांना वाटत असावे. वास्तविक त्याने गौरव कमी होतो. ज्याला कोणी आव्हानच दिले नाही त्याच्या यशात पुरुषार्थ कोणता? जन्माने मिळालेल्या अधिकारावर जो सिंहासनारूढ होतो त्याच्यापेक्षा, अधिकार नाही असे म्हणणाऱ्यांच्या समोर जो तो सिद्ध करतो, त्याची थोरवी अधिक. शिवाय आजच्या श्रोत्यांत असे असंख्य आहेत की ज्यांच्या पूर्वजांना कोणत्या ना कोणत्या विधीचा, विद्येचा वा पाणवठ्याचा अधिकार नाकारला गेला होता. त्याच रायगडाच्या परिसरातील महाडास १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. अधिकाराचा प्रश्न राज्याभिषेकाच्या स्मरणातून काढून टाकणे म्हणजे ह्या श्रोत्यांचा त्या प्रसंगाशी असलेला सर्वांत जवळचा धागा तोडणे होय. दरबाराच्या वैभवाशी त्यांचे नाते जयजयकारापुरते आहे. अधिकारासाठी झालेल्या झगड्याशी ते रक्ताचे आहे.

ह्यावर असा आक्षेप घेतला जाईल की उत्सव म्हणजे परिसंवाद नव्हे. हजारोंच्या समुदायापुढे शंका मांडल्या तर उत्साह ओसरेल. आक्षेपात तथ्य आहे. उत्सवाला उल्हास हवाच. परंतु समुदायाला सूक्ष्म विचार झेपत नाही, हे गृहीत कीर्तनाच्या परंपरेने केव्हाच खोटे ठरविले आहे. पूर्वरंगात तत्त्वाची चर्चा आणि उत्तररंगात आख्यान अशी कीर्तनाची घडणच आहे. पूर्वपक्ष मांडल्यावाचून सिद्धान्ताला रंग चढत नाही, हे अक्षरशत्रू श्रोत्यालाही ठाऊक असते. राज्याभिषेकाच्या उत्सवाला पूर्वरंगच उरलेला नाही, हे त्याचे वैगुण्य होय.

९

सारांश, ऐतिहासिक घटनेच्या स्मरणोत्सवाची कसोटी साम्य ही नसावी. दिवस, वेष, द्रव्य आणि दृश्य ह्यांतील साम्य कधीच पूर्ण होत नाही, आणि झाले तरी त्यातून काही कळत नाही. ज्या प्रश्नाला ती घटना हे उत्तर होते, तो प्रश्न उत्सवाने पुन्हा जिवंत केला काय, आणि आलेल्या माणसाला प्रेक्षक न ठेवता साक्षी केले काय, ह्या दोन कसोट्या लावाव्यात. त्या लावल्या असता १८९७ चा पुण्यातील उत्सव, पावसातली पन्हाळ्याची वाट आणि अंगणातला मातीचा किल्ला हे उतरतात. रायगडावरील मूर्तीचा अभिषेक आपल्या संयमाच्या मानाने उतरतो. आणि महानाट्य आपल्या सर्व सामर्थ्यासह अर्ध्यावर थांबते.

ह्या उणिवा भरून काढण्यास मोठा खर्च लागणार नाही. अभिषेकाच्या आदल्या दिवशी अधिकाराच्या वादाचे आख्यान व्हावे. सदरेवर तिन्ही साक्षींचे वृत्तांत एकापाठोपाठ वाचले जावेत, आणि त्यांत जेथे मेळ नाही तेथे तो नाही असे सांगितले जावे. आश्विनातील दुसऱ्या अभिषेकाचे आणि पाचाडच्या शोकाचे स्मरण उत्सवाच्या चौकटीत यावे. ऑक्झेंडनच्या नजरेत भरलेला तो सोन्याचा तराजू पुन्हा सदरेवर उभारला गेला, तर तो शोभेसाठी नसावा. त्याच्या एका पारड्यात वैभव पुष्कळ पडले आहे. दुसरे पारडे अद्याप रिकामे आहे.